झांकली मूठ : फ्रीमेसनांच्या वरिष्ठ पदव्यांचा इतिहास

इ. स. १९४० च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस स्पेन देशांत जनरल फ्रँकोच्या सरकारनें एक कायदा जारी केला. फ्रीमेसन संघ व साम्यवाद या दोहोंचा बीमोड करावा, हा त्याचा उद्देश. फ्रीमेसन असणें हाच या कायद्यानें गुन्हा ठरविला आणि त्यासाठीं बारा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा सांगितली. येथपर्यंत त्यांत विशेष नवल नाहीं. जी सभा आपल्या दारावर पहारा बसविते ती कोणत्याहि हुकूमशहास सहन होत नाहीं. नवल वाटतें तें पुढच्या एका कलमाचें. ज्यानें अठराव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतची कोणतीहि पदवी घेतली असेल त्याचा गुन्हा अधिक गंभीर मानावा, असें तें कलम सांगतें. आणि अशा गंभीर गुन्ह्यास शिक्षा वीस वर्षांहून अधिक, तीस वर्षांपर्यंत. मनुष्याच्या आयुष्याचीं आठ-दहा वर्षें त्याच्या पदवीचा आंकडा सतरा आहे कीं अठरा यावर लोंबकळत राहावीं, असा हा प्रकार होता.

हे अठरा व तेहतीस आंकडे आले कोठून? पदव्या घेणाऱ्यांची समजूत अशी कीं, ते पुराणकालापासून गुरुपरंपरेनें चालत आले; शिक्षा ठोठावणाऱ्यांची समजूत अशी कीं, त्या प्रत्येक आंकड्याआड जगाची उलथापालथ करणारें एकेक कारस्थान दडलेलें आहे. इतिहास पाहूं गेल्यास दोन्ही समजुती निराधार ठरतात. या पदव्या अठराव्या शतकांत, हौसेनें, अभिमानानें आणि कांहीं अंशीं पैशाच्या लोभानें रचल्या गेल्या. परंतु रचलेली गोष्ट खोटी असली म्हणजे तिचे परिणामहि खोटे असतात असें नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. त्या मुठीची किंमत भक्तानें सव्वा लाख केली तर शत्रूहि ती तितकीच धरून चालतो, ही त्या म्हणीची दुसरी बाजू आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. फ्रीमेसनांच्या वरिष्ठ पदव्यांचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या बाजूचा इतिहास होय.

प्रथम मूळ संघाविषयीं थोडेंसें सांगणें अवश्य आहे. इंग्लंड-स्कॉटलंडांतील पाथरवट व गवंडी यांच्या जुन्या संघांतून, किंवा निदान त्यांचे रीतिरिवाज उसने घेऊन, हा सभ्य गृहस्थांचा संघ निर्माण झाला. १७१७ सालच्या जून महिन्यांत लंडनमधील चार लॉजांनीं एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापिली, असें परंपरा सांगते. परंतु ही हकीकत प्रथम छापली गेली ती १७३८ सालीं, जेम्स अँडर्सन नांवाच्या पाद्र्याच्या नियमग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत. आणि अलीकडच्या कांहीं संशोधकांनीं ती संशयास्पद ठरवून हा आरंभ १७२१ च्या सुमारास ओढला आहे. याच अँडर्सननें १७२३ च्या पहिल्या आवृत्तींत संघाचा इतिहास थेट आदमापासून सांगितला होता! आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाचें कूळ सूर्यवंशास नेऊन भिडविणारे भाट होऊन गेले. त्यांच्याच जातीचा हा उद्योग.

या मूळ संघांत पदव्या तीनच : शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. त्यांतहि तिसरी पदवी १७२५ च्या सुमारास मागाहून आली. तिच्या दीक्षाविधींत एक कथा नाट्यरूपानें दाखवितात. सॉलोमन राजाचें मंदिर बांधणारा मुख्य शिल्पी हायरम यास त्याच्या हाताखालच्या तिघां कारागिरांनीं उस्तादाचें गुह्य सांग म्हणून अडविलें. त्यानें तें सांगितलें नाहीं, म्हणून त्यांनीं त्याचा वध केला आणि तो गुह्य शब्द त्याच्याबरोबरच लोपला. १७३० सालीं सॅम्युएल प्रिचर्ड यानें एक पुस्तिका छापून हा सारा विधि चव्हाट्यावर मांडला. तेव्हां मूळ संघाचें गुह्य जवळजवळ तीनशें वर्षांपूर्वींच सर्वांस ठाऊक झालेलें आहे. परंतु त्या कथेनें एक जागा रिकामी ठेविली होती. हरवलेला शब्द पुढें सांपडला काय? मारेकऱ्यांस शासन कोणीं केलें? पुढील शंभर वर्षें ज्यांनीं ज्यांनीं नव्या पदव्या रचल्या त्यांपैकीं बहुतेकांनीं याच रिकाम्या जागेंत आपापला डेरा ठोकला. शब्द आमच्याकडे आहे, तो पुढच्या पायरीवर मिळेल, असें प्रत्येकजण सांगूं लागला.

या शिडीची पहिली पायरी मात्र एका व्याख्यानानें घातली. स्कॉटलंडांतील एअर गांवच्या एका पाव भाजणाऱ्याचा मुलगा अँड्र्यू मायकेल रॅम्झे हा फ्रान्सांत येऊन कॅथोलिक झाला, फेनेलोंचा शिष्य म्हणून नांवारूपास आला आणि त्यास ‘शेव्हालिए’ हा किताबहि मिळाला. १७३६ च्या डिसेंबरांत पॅरिस येथील लॉजापुढें त्यानें जें भाषण केलें त्यांत, व नंतरच्या वर्षीं सुधारलेल्या त्याच्या प्रतींत, त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, फ्रीमेसनांचे खरे पूर्वज गवंडी नव्हत, तर धर्मयुद्धासाठीं पॅलेस्टाईनांत गेलेले राजे आणि सरदार होत. त्यांनीं एकमेकांची ओळख पटावी म्हणून खुणेचे शब्द ठरविले, सेंट जॉनच्या वीरांशीं सख्य केलें, आणि परत आल्यावर ही विद्या विशेषेंकरून स्कॉटलंडांत जतन झाली. याला पुरावा कोणताच नव्हता. भाषणाचा हेतु मात्र उदात्त होता. सर्व राष्ट्रांतील विद्वान बंधूंनीं मिळून कला व शास्त्रें यांचा एक मोठा कोश करावा, अशी सूचनाहि त्यांत होती. फ्रान्सचा मुख्य प्रधान कार्डिनल फ्लरी यास हें प्रकरण रुचलें नाहीं. रॅम्झेनेंहि निमूटपणें अंग काढून घेतलें. आणि १७३८ सालीं पोप बाराव्या क्लेमेंटनें फ्रीमेसन संघावर बहिष्काराची आज्ञा काढली. पण बीज पेरलें गेलें तें गेलेंच.

तें इतक्या झपाट्यानें कां उगवलें, याचें कारण त्या काळच्या समाजांत आहे. लॉजमध्यें सरदार व सावकार एकाच पातळीवर ‘बंधु’ म्हणून बसत, ही त्या संघाची खरी थोरवी होती. परंतु समतेचा आनंद मनुष्यास फार काळ पुरत नाहीं. सरदारास गवंड्यांचा वारसा कमीपणाचा वाटे; व्यापाऱ्यास जन्मानें न मिळालेली तलवार व किताब हवे असत. रॅम्झेच्या कथेनें दोघांचीहि सोय झाली. फ्रान्सांत ‘स्कॉटिश’ म्हणून म्हटल्या जाणाऱ्या पदव्यांचें पेंव फुटलें. ‘निवडलेला वीर’, ‘पूर्वेचा वीर’, ‘गुलाब व क्रूस यांचा वीर’ अशीं भारदस्त नांवें, निरनिराळ्या रंगांच्या फिती, नवे विधि, आणि प्रत्येक पायरीस वेगळी फी. गंमत अशी कीं, या स्कॉटिश पदव्यांचा स्कॉटलंडशीं जन्मसंबंध मुळींच नव्हता. तेहतीस पदव्यांची स्कॉटिश म्हणविणारी पद्धति खुद्द स्कॉटलंडांत रीतसर स्थापन झाली ती १८४६ सालीं!

रॅम्झेनें टेंपलर वीरांचें नांव घेतलें नव्हतें. तें काम दुसऱ्यांनीं केलें. टेंपलर हा बाराव्या शतकाच्या आरंभीं जेरुसलेम येथें स्थापन झालेला लढवय्या धर्मसंघ. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यानें त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून १३०७ च्या १३ ऑक्टोबरास त्याच्या सभासदांस पकडलें. १३१२ सालीं पोपनें संघ मोडला. आणि १३१४ सालीं शेवटचा अधिपति झाक द मोले यास पॅरिस येथें जिवंत जाळलें. एवढा इतिहास खरा. त्यापुढें कथा अशी जोडली गेली कीं, कांहीं वीर निसटून स्कॉटलंडांत गेले, त्यांनीं गवंड्यांचा वेष घेतला, आणि आपलें गुह्य व आपला सूड दोन्ही पिढ्यान्पिढ्या सांभाळले. अन्यायानें मारल्या गेलेल्या शिल्प्याच्या जागीं अन्यायानें जाळलेला अधिपति आला. आणि निरुपद्रवी नाटकांत राजा व पोप यांच्या सूडाची भाषा शिरली. पुढें हीच भाषा या संघाच्या गळ्याशीं आली.

या कथेवर सर्वांत मोठी इमारत उभारली ती जर्मनींत, कार्ल गॉटहेल्फ फॉन हुंड या सरदारानें. १७४३ च्या सुमारास पॅरिस येथें ‘तांबड्या पिसाच्या वीरा’नें आपणांस टेंपलर संघाची दीक्षा दिली, त्या वेळीं लॉर्ड किल्मार्नक हजर होता, आणि या संघाचे खरे सूत्रधार ‘अज्ञात वरिष्ठ’ आहेत, असें तो सांगे. तो अज्ञात वीर म्हणजे इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, असा त्याचा समज होता. अज्ञात वरिष्ठांच्या बिनशर्त आज्ञापालनाची शपथ हा त्याच्या ‘कडकडीत आचारा’च्या पंथाचा पाया, आणि जर्मनींतील राजेरजवाडे या पंथांत हां हां म्हणतां दाखल झाले. दरम्यान जॉन्सन नांवाचा एक तोतया पुढें आला. त्यानेंहि आपण त्याच वरिष्ठांचा दूत असल्याचें सांगून लोकांस नादीं लाविलें. १७६४ सालीं त्याचें बिंग फुटलें आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यांत कैदेंत असतांना तो मरण पावला. तोतयाच्या मागणीस व हुंडच्या श्रद्धेस पुरावा सारखाच होता, म्हणजे कोणताच नव्हता! अनुयायी हुंडला विचारूं लागले, तर पत्रें कोठें आहेत, वरिष्ठ कोण आहेत, यांस त्याचें उत्तर एकच : मी शपथेनें बांधलेला आहें. स्टुअर्ट राजपुत्राकडे चौकशी केली तेव्हां त्यानें आपला या गोष्टीशीं कांहीं संबंध नसल्याचें सांगितलें. हुंड १७७६ सालीं वारला. तो लबाड होता असें मानण्यास आधार नाहीं. कोणीतरी त्याला एका रात्रीं एक नाटक दाखविलें, आणि तो जन्मभर दुसऱ्या अंकाची वाट पाहत राहिला, असेंच म्हणावें लागतें.

येथें या इतिहासांतील सर्वांत गौरवास्पद प्रसंग येतो. पंथाचा नवा अधिपति ब्रन्सविकचा ड्यूक फर्डिनंड यानें १७८० सालीं सर्व शाखांस एक पत्रक पाठवून उघड प्रश्न विचारले. आपला संघ खरोखर कोणत्या प्राचीन संघापासून निघाला? अज्ञात वरिष्ठ आहेत काय? असतील तर ते कोण? उत्तरांचा विचार करण्यासाठीं १७८२ च्या जुलै महिन्यांत हानाऊनजीक विल्हेल्म्सबाड येथें परिषद भरली. कित्येक आठवडे खल झाला आणि निष्पन्न असें झालें कीं, आपण टेंपलरांचे वारस आहोंत असें म्हणण्यास प्रमाण नाहीं. ज्या दाव्यासाठीं आपण शपथा वाहिल्या, पैसे वेंचले आणि झगे शिवले तो दावा भर सभेंत सोडून देणें हें लहान धैर्य नव्हे. पण सत्याचा पुरस्कार लोकप्रिय होतोच असें नाहीं. ज्यांना प्राचीनत्व हवें होतें ते दुसऱ्या पंथांकडे वळले. ज्यांना कृति हवी होती त्यांतील कांहींजणांस बव्हेरियांतील ‘इल्युमिनाटी’ या नव्या मंडळानें ओढून घेतलें. इंगोलश्टाट येथील अध्यापक आडाम वाइसहाउप्ट यानें १७७६ सालीं स्थापिलेलें हें मंडळ बुद्धिवादी होतें, तरी अज्ञात वरिष्ठ व पायऱ्यांची शिडी ही युक्ति त्यानेंहि उचलली होती. बव्हेरियाच्या सरकारनें १७८४-८५ सालीं मनाई करून तें मोडलें.

इकडे जर्मनींत शिडी मोडत असतां अटलांटिकपलीकडे ती वाढत होती. एस्तिएन मोरँ नांवाचा फ्रेंच व्यापारी १७६१ सालीं पॅरिसहून सनद घेऊन सँ-दोमँग बेटास गेला. तेथून जमेका व उत्तर अमेरिका या भागांत जी पद्धति पसरली तींत पंचवीस पदव्या होत्या. ज्याच्याजवळ सनद, त्यास दुसऱ्यास सनद देण्याचा अधिकार. यामुळें गोंधळ माजला. तो आवरण्यासाठीं १८०१ च्या ३१ मे रोजीं दक्षिण कॅरोलायनांतील चार्ल्सटन बंदरांत कांहीं गृहस्थांनीं ‘सर्वोच्च मंडळ’ स्थापिलें. पंचविसांत आठांची भर घालून तेहतीस पदव्यांची व्यवस्था लाविली. आणि ‘गोंधळांतून सुव्यवस्था’ असें आपलें ब्रीद ठरविलें. तेहतिसावी पदवी हें जगाचें रहस्य नव्हे; ती एका कार्यालयीन दुरुस्तीची शेवटची ओळ होय! पण नुसत्या दुरुस्तीस मान कोण देणार? म्हणून प्रशियाचा राजा थोर फ्रेडरिक यानें १७८६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस दिलेली राज्यघटना पुढें करण्यांत आली. त्या वेळीं फ्रेडरिक मरणोन्मुख होता, आणि ऑगस्टांत तो वारला. बहुतेक इतिहासकार हा कागद बनावट मानतात.

इतकें असूनहि या पदव्यांनीं केवळ भ्रमच पसरविला असें म्हणणें अन्यायाचें होईल. चार्ल्सटनच्या संस्थापकांत प्रॉटेस्टंटांच्या जोडीनें यहुदीहि होते. त्या काळीं अशी सभा सहसा दिसत नसे. दीक्षा, अंधार, परीक्षा व प्रकाश या कल्पनांनीं युरोपच्या कलेस एक भाषा दिली. मोत्सार्ट स्वतः फ्रीमेसन होता आणि १७९१ सालच्या त्याच्या ‘जादूची बांसरी’ या संगीत नाटकांत तिचा उत्तम आविष्कार आहे. अमेरिकेंत आल्बर्ट पाइक हा १८५९ पासून १८९१ पर्यंत दक्षिणेकडील सर्वोच्च मंडळाचा अधिपति होता. त्यानें सर्व विधि नव्यानें लिहिले, १८७१ सालीं त्यांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या प्रस्तावनेंत आपण जितके लेखक तितकेच संग्राहक आहोंत, असें मोकळेपणानें सांगून टाकलें. ऋग्वेदांतील देवतांवरहि त्यानें एक मोठा ग्रंथ लिहून ठेविला. तो १९३० सालीं छापला गेला.

आतां मुठीच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. फ्रेंच राज्यक्रांतीनें देशोधडीस लागलेला पाद्री बार्रुएल यानें १७९७ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, ही क्रांति म्हणजे तत्त्वज्ञ, फ्रीमेसन आणि इल्युमिनाटी यांचें कारस्थान होय. टेंपलरांचा राजा व पोप यांवरील सूड अखेर पुरा झाला. त्याच वर्षीं एडिंबरो येथील प्राध्यापक जॉन रॉबिसन यानेंहि तशाच आशयाचें पुस्तक काढलें. बार्रुएलनें वापरलेली टेंपलरांची वंशावळ कोणाची? फ्रीमेसनांचीच! जी गोष्ट विल्हेल्म्सबाडच्या सभेनें प्रमाणाभावीं टाकून दिली ती शत्रूनें उचलून जपून ठेविली. वस्तुस्थिति पाहिली तर फ्रीमेसन दोन्ही पक्षांत होते. ग्रँड ओरिएंटचा अधिपति ऑर्लेआंचा ड्यूक हा १७९३ सालीं गिलोटिनखालीं गेला, आणि क्रांतीचा कट्टर वैरी जोझेफ द मेस्त्र हा स्वतः वरिष्ठ पदव्यांचा धनी होता. क्रांतींत प्रत्यक्ष वावरलेल्या मूनिए यानें १८०१ सालीं बार्रुएलचें खंडन केलें. पण खंडनाचे वाचक आरोपाच्या वाचकांहून नेहमीं थोडे असतात.

पुढें या भयाचाहि बाजार झाला. लेओ ताक्सील या फ्रेंच लेखकानें पाइक व त्याचे वरिष्ठ सैतानाची पूजा करितात अशा कथा रचून बारा वर्षें भाविक कॅथोलिकांस झुलविलें, आणि १८९७ च्या एप्रिलांत पॅरिस येथें भर सभेंत, हें सर्व मीं थट्टेनें केलें, असें सांगून टाकलें. कबुली विसरली गेली, कथा राहिल्या. याहून भयंकर प्रकार रशियांत घडला. १९०३ सालीं प्रथम छापलेलीं व यहुद्यांवर जगज्जयाच्या कटाचा आरोप करणारीं तीं कुप्रसिद्ध ‘इतिवृत्तें’ १९२१ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’नें चोरीची व बनावट असल्याचें सिद्ध केलें, त्यांच्या एका रशियन आवृत्तीच्या शेवटीं सही आहे ती ‘तेहतिसाव्या पदवीच्या’ प्रतिनिधींची! चार्ल्सटनच्या कारकुनी आंकड्याचा हा प्रवास पाहून मन थक्क होतें. जर्मनींत नाझी सरकारनें १९३५ सालीं उरलींसुरलीं लॉजें बंद केलीं, आणि पांच वर्षांनीं स्पेनचा तो कायदा आला.

या इतिहासाचें एक लहानसें पान आपल्या मुंबईंतहि आहे. अफगाणिस्तानांत मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा वडील भाऊ डॉक्टर जेम्स बर्न्स हा मुंबई सरकारच्या वैद्यकीय नोकरींत होता आणि पश्चिम हिंदुस्थानांतील स्कॉटिश लॉजांचा प्रमुखहि होता. टेंपलर वीरांचा इतिहास त्यानें १८३७ सालीं छापला होता. अर्थात् त्या कथेचा तो भक्तच. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांस मुंबईच्या लॉजांत प्रवेश मिळेना, म्हणून त्यांनीं पॅरिस येथें दीक्षा घेतली. ही विषमता दूर व्हावी म्हणून बर्न्सनें १८४३ सालीं येथें ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज एतद्देशीयांसाठीं स्थापन केलें. पण पुढें अडचण आली. टेंपलरादि वीरपदव्या ख्रिस्ती मनुष्यासच देण्याचा नियम. मग पारशी बंधूंनीं तिसऱ्या पायरीवरच थांबावें काय? तेव्हां बर्न्सनें १८४५ सालीं ‘पूर्वेकडील ऑलिव्ह शाखेचा बंधुसंघ’ अशी एक नवीनच वीरपदवी सुचविली. तिच्या तीन श्रेणी; चिन्ह, चोंचींत हिरवी डहाळी घेऊन उतरणारें कबूतर. तिला धर्माची अट नव्हती आणि धर्मयुद्धांतील पूर्वजांची बतावणीहि नव्हती. आरंभीं तिचें चांगलें स्वागत झालें. परंतु ती टिकली नाहीं.

आम्हांस या कबुतराची गोष्ट वारंवार आठवते. सबंध इतिहासांत ज्या थोड्या पदव्यांनीं आपला जन्म कालचा आहे हें लपविलें नाहीं त्यांत ही एक. आणि नेमकी तीच विरून गेली. बनावट सनदेची तेहतिसावी पदवी मात्र लाखों लोकांच्या आदरास आणि तितक्याच लोकांच्या द्वेषास पात्र झाली. मनुष्यास नव्या सदिच्छेपेक्षां जुनें रहस्य अधिक मोलाचें वाटतें. स्पेनमधील तें खास न्यायालय १९६४ सालापर्यंत अस्तित्वांत होतें. त्या न्यायासनापुढें जो उभा राहिला त्यानें, महाराज, हा आंकडा एका व्यवस्थेचा अनुक्रमांक आहे, असें सांगितलें असतें तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार? मूठ उघडून दाखविली तरी, खरी मूठ दुसरीच आहे, असेंच न्यायाधीश म्हणता. विल्हेल्म्सबाड येथें ती मूठ स्वतः तिच्या धन्यांनीं उघडली होती. जगानें तेव्हांच नीट पाहिलें असतें, तर आंत कांहीं नाहीं हें त्यास पुढच्या कैदखान्यांच्या पूर्वींच कळलें असतें.